अधिक पाच अंक

भाचीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. विसरलो होतो असं नाही. विसरलो असतो तर निदान जेवण गोड लागलं असतं. पत्र माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली होतं आणि शब्दकोश उचलला की त्याची निळी कड दिसायची. मग मी शब्दकोश उचलणंच सोडलं. एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तर अंदाजाने पुढे जायचो, जे मी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

भाची शेजारच्या गावात राहते. आज टाकलेलं पत्र तिला उद्या मिळतं. आमच्या घरात अशी वाटणी आहे की फोनवर मामी बोलते आणि मामा लिहितो. फोन कानाला लावला की माझी बोबडी वळते. समोरचा थांबला म्हणजे आता आपण बोलायचं, की तो नुसता श्वास घेतोय, हे मला अजून कळलेलं नाही. भाचीला ते ठाऊक आहे. लहानपणापासून तिला काही विचारायचं असलं की ती कागद घ्यायची.

ती वायरिंगची कामं करते. बरीच वर्षं एका वस्तादाच्या हाताखाली होती, आता स्वतःची कामं घेते. तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक लाँड्री. तिथे कपडे धुण्याची नि वाळवण्याची मशिनं आहेत, आणि बोर्डात तो एक स्विच आहे, जो कुठे वीज गळायला लागली की आपोआप पडतो. माणसाला झटका बसण्याआधी वीज तोडायची, हे त्याचं काम. तर हा स्विच सारखा पडत होता. कधी दुपारी, कधी दोन दिवस मुळीच नाही, कधी तासात दोनदा. कुठल्यातरी मशीनमधून वीज गळत होती. कुठल्या, ते कळत नव्हतं.

पत्रात तिने लिहिलं होतं की लाँड्रीचा मालक बाहेरगावी गेलाय, तो महिनाअखेरीला परत येईल. तोवर तिने दोषी मशीन शोधून दाखवलं तर पुढची सगळी कामं तिची. नाहीतर तो जुन्या वस्तादाला बोलावणार. वस्ताद काय करणार तेही तिला माहीत होतं. तो स्विच काढून टाकणार आणि वायर सरळ जोडून देणार. मग काही पडायला नको आणि कुणाची तक्रार नको. 'त्याने असं अनेक ठिकाणी केलंय मामा, मीच पक्कड घेऊन शेजारी उभी असायचे. इथली फरशी कायम ओली असते. बायका दिवसभर त्याच फरशीवर उभ्या असतात.'

म्हणून तिला गळती मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यायचा होता. हा मीटर हातात मावणारा असतो, त्याच्या टोकाला खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असतो. तो उघडून वायरीभोवती मिटायचा, की आतून किती वीज चाललीय ते पडद्यावर दिसतं. वायर तोडावी लागत नाही. भाचीने तीन मीटर पाहून ठेवले होते आणि तिन्हींची माहितीपत्रकं पाकिटात घातली होती. एक स्वस्त, एक मधला, एक महाग. महागडा घ्यायचा तर उसनवारी करावी लागेल, असं तिने लिहिलं होतं. पुढे: 'तिन्ही कागद मला सारखेच वाटतात. तुम्ही जन्मभर बारीक अक्षरं वाचलीत, तुम्हीच सांगा.' आणि शेवटी भिडेखातर लिहितात तशी एक ओळ, की वेळ नसला तर राहू द्या, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी बाजारात जाणारच आहे, तेव्हा स्वस्तातला उचलीन.

बारीक अक्षरं मी वाचली, हे खरं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. पंप, शिलाई मशीन, वजनकाटे, औषधं फवारायची यंत्रं, सगळ्यांच्या सूचनापुस्तिका माझ्या नजरेखालून गेल्या. पण पंप बिघडला तर मला त्याचं झाकणही उघडता येत नाही. कुठे स्वल्पविराम हवा हे मला कळायचं, पाणी कुठून चढतं ते नाही. भाची मात्र लहानपणापासून समजत आली की मामांना सगळं येतं. तिचा हा गैरसमज मी कधी दूर केला नाही, कारण तो फार सुखाचा होता.

पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला घेतलं. 'तुझं पत्र मिळालं, आनंद झाला' इथवर आलो आणि तीन कागद पसरून बसलो.

तिन्हींवर ठळक अक्षरांत एकच दावा होता: गळती मोजतो. तिन्हींचे फोटो तजेलदार. अचूकता म्हणून दिलेला आकडा पाहिला तर पहिल्याला दीड टक्का, दुसऱ्यालाही दीड टक्का, तिसऱ्याला एक. अर्ध्या टक्क्यासाठी कुणी तिप्पट किंमत का मोजावी? म्हणजे स्वस्तातलाच घ्यावा. असं लिहिणार, तोच मनात आलं की इतकं सोपं असतं तर तिने विचारलं कशाला असतं. मी पेन खाली ठेवलं.

मग मी तक्ता आखला. तक्ता आखला की डोकं शांत होतं असा माझा अनुभव. या वेळी उलटंच झालं. एका कागदावर अँपिअर, दुसऱ्यावर मिलीअँपिअर. एकाने जबड्याचा व्यास दिलेला, दुसऱ्याने त्यात मावणाऱ्या वायरीचा. तिसऱ्यावर तर बाहेरची लुडबुड गाळणारी कसलीशी चाळणी होती. ती फार महत्त्वाची वाटत होती, पण कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. रकाने वाढत गेले. एक ना धड, भाराभर चिंध्या. बायको, म्हणजे आमची ही, चहा ठेवायला आली आणि माझ्या खांद्यावरून तक्त्याकडे बघत राहिली.

"अहो, तिने मीटर विचारलाय," ती म्हणाली. "नवरा नाही."

मी म्हटलं की नवरा निवडणं सोपं असावं, त्यात आकडे कमी असतात. यावर ती म्हणाली की आपण स्वतः आकडे पाहिले असते तर आज हा चहा कुणी दुसराच पीत असता. आणि गेली.

आठवडा उलटला. तळ्यात की मळ्यात, हे ठरेना. सकाळी वाटायचं मधला, संध्याकाळी वाटायचं महागडा, आणि अंघोळ करताना वाटायचं की आपण कोण सांगणारे. मी चुकीचा सांगितला आणि तिला दोषी मशीन सापडलं नाही तर? गिऱ्हाईक जाईल, स्विच काढला जाईल, आणि त्या ओल्या फरशीवरच्या बाईला काही झालं तर त्या साखळीचं एक टोक माझ्या टेबलाशी येईल. उत्तर दिलं नाही तर निदान चूक तरी माझी नाही. हे मी स्वतःला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. पण शब्दकोश तिथेच होता.

शेवटी वाटलं, वस्तू हातात घेऊन पाहावी. आमच्या गल्लीच्या टोकाला विजेच्या सामानाचं दुकान आहे. आत शिरलो की दोन्ही बाजूंना वायरीची वेटोळी, वर टांगलेले दिवे, आणि मधून एका माणसापुरती वाट. दुकानदार माझ्याहून तरुण, पण माझ्याहून थकलेला. मी एवढं लांबण लावलं की नमनालाच त्याचं तेल संपलं असावं. त्याने मधेच थांबवून विचारलं की काका, घ्यायचाय की नुसतं बघायचंय. मी खरं ते सांगितलं. त्याने उसासा टाकून तिन्ही मीटर काचेवर मांडले. तिन्ही त्याच्याकडे होते, हे माझ्या दुर्दैवाने.

मागच्या बाजूला त्याची चहाची किटली होती, विजेवरची. मी विचारलं, हिच्यावर लावून पाहू का. तो म्हणाला लावा. त्याने बटण दाबलं, पाणी घुंघुं करू लागलं, आणि मी पहिल्या मीटरचा जबडा किटलीच्या वायरीभोवती मिटला. पडद्यावर शून्य. दुसरा लावला. शून्य. किटली वाफ ओकू लागली तरी शून्य. तिसरा लावला तेव्हा शेवटच्या घरात एक आकडा थरथरला, पुन्हा शून्य, पुन्हा थरथरला.

"पाणी तर उकळतंय," मी म्हटलं.

"उकळतंय की," तो म्हणाला.

"मग वीज कुठून जातेय?"

त्याने किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, वीज बिलात जाते, तिथे बरोबर दिसते. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाता जाता म्हणाला की लोक बहुतेक पहिलाच नेतात, क्लॅम्प तो क्लॅम्प.

मी घरी आलो तो पार चक्रावून. दोन मीटर आंधळे होते आणि तिसरा बरळत होता, निदान मला तसं वाटलं. म्हणजे महागडाच घ्यायला हवा, तोच काय तो जागा होता. पण तो तरी काय सांगत होता? आणि गेल्या आठवड्यात मी मधल्यावर इतका खूश होतो, तो तर सपशेल नापास. इतकी वर्षं छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवून काढली आणि इथे छापलेलं एक, दिसतंय दुसरंच. 'तुझं पत्र मिळालं, आनंद झाला' या ओळीखाली मी लिहिलं, 'तिन्ही सदोष असावेत.' मग ते खोडलं. एकाच दुकानात तीन कंपन्यांचे तीन मीटर सदोष, आणि शहाणा कोण, तर मी?

शुक्रवारी सकाळी ही टेबल पुसायला आली. आमच्याकडे टेबल पुसणं म्हणजे माझ्या वस्तूंची झडती. तिने शब्दकोश उचलला.

"हे अजून इथेच?"

मी म्हटलं की विचार चालू आहे.

ती खुर्ची ओढून बसली. तिने पत्र वाचलं, माझा तक्ता पाहिला, किटलीची हकिकत ऐकून घेतली, आणि मग माहितीपत्रकं हातात घेतली. ही शिवणकाम शिकवायची. कुठलाही कागद हातात आला की ती आधी चित्र बघते, मजकूर नंतर, आणि बहुतेकदा बघतच नाही. मधल्या मीटरच्या कागदावर खाली कोपऱ्यात एक रेखाचित्र होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही किटलीची अख्खी वायर धरली होती का?"

मी म्हटलं हो, वायर म्हणजे वायर.

"इथे तर वरचं आवरण सोडवून आतल्या वायरी सुट्या केल्यात आणि दोनच जबड्यात घेतल्यात. तिसरी, ही पट्ट्यांची, जबड्याच्या बाहेर आहे."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच होतं. शेजारी एक लहान फुली मारलेलं चित्रही होतं, त्यात अख्खी वायर जबड्यात घातलेली. मी त्या कागदाचा शब्द न् शब्द वाचला होता, पत्ता आणि कायदेशीर सूचनेसकट, पण चित्रांकडे पाहिलंच नव्हतं. छापखान्यात चित्रं आमच्या खात्यात नसत. त्यांचा ठोकळा वेगळ्या खोलीतून यायचा, त्यावर दुसऱ्या माणसाची सही असायची, आणि मुद्रितात चित्र आलं की तिथून नजर उचलून पुढच्या ओळीवर ठेवायची, ही माझ्या डोळ्यांची सवय होऊन गेली होती.

मग थोडं थोडं उलगडायला लागलं. एका वायरीने वीज जाते, दुसरीने परत येते. दोघी जबड्यात असल्या की जाणारी आणि येणारी एकमेकींना खोडतात आणि मीटर शून्य म्हणतो. कुठे गळत असेल तर येणारी तेवढी कमी पडते, आणि जो फरक उरतो तीच गळती. ती गळती तिसऱ्या, अर्थिंगच्या वायरीने खाली जाते. मी तिसरीलाही जबड्यात घेतलं, म्हणजे पळालेल्यालाही हजेरीत धरलं. किटली गळत असती तरी शून्यच आलं असतं. ती गळत नसावी, म्हणून दुसऱ्या पद्धतीनेही शून्यच आलं असतं. म्हणजे किटलीने मला काहीच सांगितलं नव्हतं, आणि मी मात्र तिच्या साक्षीवर तीन मीटरांना फासावर चढवायला निघालो होतो.

"म्हणजे मधला चांगला आहे?" हिने विचारलं.

मी म्हटलं, तसं नाही. म्हणजे तो वाईट आहे हे सिद्ध झालेलं नाही.

"आणि स्वस्तातला?"

इथे मी तक्ता पुन्हा पुढे ओढला. कारण स्वस्तातल्याबद्दल एक गोष्ट माझ्या तक्त्यात होती, अगदी कडेला, आणि तिच्याकडे मी मुद्रित तपासतो तसं नुसतं बरोबर छापलंय ना, एवढंच बघून पुढे गेलो होतो. अचूकता दीड टक्का, अधिक पाच अंक. सगळ्यांनाच अशी 'अधिक' शेपटी होती. हे अंक म्हणजे पडद्यावरच्या शेवटच्या घराचे अंक, असं तळटीपेत दिलं होतं. मधल्याचं शेवटचं घर इतकं बारीक होतं, की पाच अंकांची चूक म्हणजे काहीच नाही. स्वस्तातल्याचं शेवटचं घर दहा मिलीअँपिअरचं. पाच अंक म्हणजे पन्नास. मी पुन्हा गुणलं, पन्नासच. आणि भाचीच्या पत्रात होतं की लाँड्रीतला स्विच तीस मिलीअँपिअरला पडतो.

म्हणजे स्विच पडेल इतकी गळती समोर असताना तो मीटर खुशाल शून्य दाखवू शकत होता. दीड टक्का खराच होता. फक्त त्याच्या मागून चालत येणारा तो 'अधिक' टक्क्यापेक्षा मोठा होता.

हे मी हिला समजावलं. तिला अंकांचं कितपत कळलं कोण जाणे. तिने पत्र पुन्हा हातात घेतलं आणि शेवटची ओळ मला वाचून दाखवली.

"हे वाचलंत ना? उद्या महिन्याचा शेवटचा शनिवार. तुमचं उत्तर नाही, म्हणजे ती स्वस्तातला आणणार."

"ते तिने भिडेखातर लिहिलंय."

"कुणी सांगितलं? तिने लिहिलंय ते तिला तसंच म्हणायचंय. ती तुमच्यासारखी नाही, ती सरळ लिहिते."

मी पत्र घेतलं. ओळ तीच होती. इतके दिवस मला वाटत होतं की मी काहीच सांगितलेलं नाही, म्हणून चुकलेलोही नाही. पण गप्प बसणं म्हणजे स्वस्तातला घे असं सांगणं, हे तिने स्वच्छ लिहून ठेवलं होतं; आणि तिन्हींपैकी नेमका कोणता घेऊ नये, एवढं एकच मला नक्की माहीत होतं.

हिने फोन उचलला. मी म्हटलं, अगं थांब, मला अजून मधला की महागडा ते ठरवायचंय. ती थांबली नाही. भाचीला तिने इतकंच सांगितलं की मामांचं पत्र उद्या येतंय, ते वाचल्याशिवाय बाजारात जाऊ नकोस. पलीकडून मशिनांचा घरघराट ऐकू येत होता. भाची काहीतरी म्हणाली त्यावर ही हसली. फोन ठेवून तिने मला सांगितलं, ती विचारत होती की मामा किती पानं लिहिणार आहेत, म्हणजे तेवढी सुट्टी काढते.

आता लिहिणं भागच होतं. नवा कागद घेतला. आनंद झाल्याचं गाळलं. पहिला मीटर घेऊ नकोस, असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि त्याखाली पाच अंकांचा हिशोब मांडला. मग लिहिलं की दुसरा आणि तिसरा यांच्यात मला ठरवता येत नाही. तिसऱ्यातली ती चाळणी तुझ्या मशिनांना लागते का, ते मला कळत नाही. तुला कळत असेल. दुसऱ्याचा जबडा लहान आहे. लाँड्रीच्या बोर्डातल्या दोन जाड वायरी एकत्र त्यात मावतील का, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. जाताना तेवढ्या जाडीचे दोन तुकडे खिशात घेऊन जा आणि दुकानातच जबडा मिटून बघ. पूर्ण मिटला तर दुसरा घे, उसनवारी करू नकोस. नाही मिटला तर मला माहीत नाही.

'मला माहीत नाही' हे तीन शब्द मी तिला पहिल्यांदाच लिहीत होतो. खोडावेसे वाटले. खोडले तर तिथे काय लिहायचं, ते सुचेना, म्हणून राहू दिले. किटलीची हकिकत घातली नाही. मग घातली, कारण तिला हसायला आवडतं.

पाकीट चिकटवून बाहेर पडलो. कोपऱ्यावरची टपालपेटी दुपारी उघडतात. पेटीपाशी उभा राहिल्यावर वाटलं, हिशोबात पाच लिहिलं की पन्नास? पाच अंक म्हणजे पन्नास मिलीअँपिअर, हे आपण बरोबर लिहिलं, की घाईत पाच मिलीअँपिअर लिहून बसलो? पाच असेल तर तो मीटर चालेल, आणि मग सगळं पत्रच उलटं. मी पाकीट उन्हात धरलं. आतली शाई एकावर एक दिसत होती, काहीच वाचता येईना. मागे एक बाई हातात पाकीट घेऊन थांबली होती. तिने विचारलं, आजोबा, पेटी बंद आहे का? मी म्हटलं नाही, चालू आहे, आणि तिला आधी टाकू दिलं. तिने न बघता टाकलं आणि गेली.

घरी जाऊन उघडून पाहायचं तर आजची डाक निघून जाणार, आणि भाची उद्या पत्राची वाट बघत बसणार. पन्नासच लिहिलं असावं. गुणाकार दोनदा केला होता, आणि दुसऱ्यांदा केला तेव्हा ही बाजूला होती. मी पाकीट फटीत सरकवलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. बोटं घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.